मशीन लावील ते मान्य

पिंपळगाव रेणुकाईच्या रामरावांना धाकट्या मुलीच्या लग्नात एकच गोष्ट हवी होती. थोरला भाऊ सर्जेराव मांडवात बसलेला दिसला पाहिजे, आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत तो उठता कामा नये.

चार वर्षांपूर्वी थोरलीच्या, कौसल्याच्या लग्नात तो उठला होता. कारण पत्रिका. 'आपले विनीत' या शब्दांखाली छापखानेवाल्याने आधी रामरावांचं नाव टाकलं आणि खाली सर्जेरावांचं, कारण रामरावांचं नाव लहान होतं आणि वरच्या वेलबुट्टीत ते नीट बसत होतं. सर्जेरावांनी ती पत्रिका मांडवात बसल्या बसल्या पहिल्यांदा नीट वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी टोपी सारखी केली आणि ते उठले. ते उठले म्हणून त्यांच्या बाजूची भावकी उठली. दोन ट्रॅक्टर भरून माणसं जेवणाआधी परत गेली, आणि नवरदेवाकडची मंडळी हातात अक्षता घेऊन बघत राहिली. कौसल्याच्या सासरी आजही वरणात मीठ जास्त पडलं की तिची सासू म्हणते, जिच्या काकानं मांडवाला पाठ दाखवली तिच्याकडून काय अपेक्षा करायची.

म्हणून धाकट्या शिवकन्येने बापाला तोंडावर सांगून टाकलं होतं. "बाबा, मोठे बाबा मांडवात न्हाई आले तर मी बोहल्यावर चढणार न्हाई. ताईनं ऐकलं ते मी ऐकणार न्हाई."

रामराव चार वेळा भावाच्या दारात जाऊन आले. भाऊ चहा पाजत होता, पाऊसपाण्याचं बोलत होता आणि पत्रिकेचा विषय निघाला की बैलांना पाणी दाखवायला उठत होता. मार्ग काढला चुलतभाऊ कडूबाने. त्याने भोकरदनच्या छापखान्यात नवा कॉम्प्युटर पाहिला होता. तो नावं अ पासून ज्ञ पर्यंत आपोआप लावतो. त्याला भावकी नाही, सोयरे नाहीत, तो कुणाच्या घरचा चहा पीत नाही. सर्जेरावांनी यावर दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी रेणुकाईच्या देवळाच्या पायरीवर पाच माणसांसमोर सांगितलं, "मशीन लावील ते मान्य. माणूस लावील ते न्हाई."

हे सगळं १९९५ सालातलं. छापखाना धर्मराजचा, एसटी स्टँडच्या मागे. कॉम्प्युटर त्याने औरंगाबादहून जुनाच आणला होता, आणि आणल्यापासून त्याला स्वतःला त्याची भीती वाटत होती. म्हणून तो चालवायची बेबीनंदा हिवराळे. ही धावड्याहून रोज एसटीने यायची. टायपिंगच्या परीक्षा तिने दिल्या होत्या, पण कॉम्प्युटर तिला कुणी चालवून दाखवला नव्हता. पुठ्ठा गेलेलं एक जुनं पुस्तक आणि दोन महिन्यांच्या चुका, एवढ्यावर ती शिकली होती. मशीनबरोबर एका फ्लॉपीत एक फुकटचा प्रोग्राम आला होता. त्याला यादी द्यायची, तो ती अक्षरवारी लावायचा, जुनी यादी पुसायचा आणि नवी तिच्या जागी ठेवायचा. शाळेची हजेरी असो की सोसायटीचे सभासद, त्याने आजवर एकदाही दगा दिला नव्हता.

रामरावांच्या वहीत पहिल्या दिवशी दोनशे बारा नावं होती. खुद्द सर्जेराव बघायला आले होते. बेबीनंदाने बटण दाबलं, डोळा मिटून उघडेपर्यंत यादी लागली. कडूबा एकोणिसावा आला. रामराव एकशे साठावे.

"अन् मी?" सर्जेरावांनी विचारलं.

बेबीनंदा यादी खाली सरकवत राहिली. बराच वेळ सरकवत राहिली. "एकशे अठ्ठ्याण्णव, काका. सर्जेराव, म्हणून 'स' मधी."

सर्जेरावांनी पाणी मागितलं, पूर्ण तांब्या प्याले आणि निघून गेले. कबूल केलं होतं पाच माणसांत, देवळाच्या पायरीवर. मोडता येत नव्हतं. पण ज्या माणसाने पत्रिकेवरून दोन ट्रॅक्टर परत नेले तो एकशे अठ्ठ्याण्णवावर थांबणारा नव्हता. तिसऱ्या दिवशी ते चिठ्ठी घेऊन हजर. नावाच्या आधी पद टाकायचं: 'अध्यक्ष, दूध उत्पादक संस्था'. धर्मराज भीत भीत म्हणाला, ती संस्था तर सात वर्षांपूर्वी बंद पडली.

"संस्था बंद पडली आसंल," सर्जेराव म्हणाले. "अध्यक्ष थोडाच बंद पडलाय."

पद टाकलं, बटण दाबलं, आणि सर्जेराव एका क्षणात पहिल्या नंबरावर आले. चूक इथे झाली. ही गोष्ट गुपित राहिली असती तर गोष्ट संपली असती. पण सर्जेरावांनी ती स्वतःच स्टँडवर चार जणांना सांगितली. मोठेपणा मिळाला आणि सांगितला नाही तर तो मिळून उपयोग काय.

आठ दिवसांत भोकरदन तालुक्यात साधा माणूस शिल्लक राहिला नाही. जो तो अध्यक्ष निघाला. भजनी मंडळाचे अध्यक्ष, बोअरच्या पाण्याचे अध्यक्ष, एका गावातल्या एकाच गणपतीचे तीन अध्यक्ष. मग कडूबाच्या ध्यानात आलं, की 'अध्यक्ष'च्या आधी 'अखिल' येतं. तो 'अखिल तालुका ठिबक सिंचन विचार मंच' चा निमंत्रक झाला. हा मंच मंगळवारी स्थापन झाला आणि त्याच दिवशी दुपारी त्याचं नाव छापखान्यात पोचलं. सर्जेरावांना हे कळताच त्यांनी चिठ्ठी बदलली: 'अकरा वर्षे सलग बिनविरोध अध्यक्ष'. कडूबा म्हणाला ठीक आहे, आणि 'अंगणवाडी बांधकाम देखरेख समिती' घेऊन आला. अंगणवाडी धड बांधलीही नव्हती, देखरेख मात्र सुरू झाली होती.

आणि कुणी एकटं येत नव्हतं. येणारा आपल्याबरोबर जावयाचं नाव आणायचा, जावयाच्या भावाचं आणायचा, आणि त्या भावालाही एखादं पद असायचंच. रामराव कुणाला नाही म्हणू शकत नव्हते. एक माणूस रुसला म्हणजे त्याच्यामागे पंधरा रुसतात आणि मग पुन्हा ट्रॅक्टर. बेबीनंदा टाइप करत होती. दोनशे बाराची सहाशे एकाहत्तर नावं झाली, आणि जी ओळ आधी एका नावात संपायची ती आता पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती. त्या सहाशे एकाहत्तर नावांत आपल्या वाड्यातलं एकही नाव नाही, हे तिला टाइप करताना दिसत होतं. तिला ते नवीन नव्हतं.

लग्नाला बारा दिवस राहिले तेव्हा शेवटची यादी लावायचं ठरलं. सर्जेराव भावकीतली दहा माणसं घेऊन आले, डोळ्यांदेखत झालं पाहिजे म्हणून. कडूबा होताच. धर्मराजने सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या आणि मशीनला उदबत्ती ओवाळली. पंधरा माणसं एका खोलीत, वर एक पंखा, आणि तोही मशीनच्या दिशेने फिरवलेला.

बेबीनंदाने बटण दाबलं. डोळा मिटून उघडला, यादी लागली नाही. रामरावांचं तोंडातलं पान चावून झालं, तरी लागली नाही. मग मशीन गप्प झालं. बेबीनंदाने यादी उघडून पाहिली, बंद केली, पुन्हा उघडली.

"काय म्हणून राह्यलंय?" रामरावांनी विचारलं.

"यादी शून्य झाली."

"शून्य म्हंजे?"

"एकबी नाव न्हाई आत."

"माझं?" सर्जेराव पुढे झाले.

"कुणाचंच न्हाई, काका."

"बाकीच्यांचं जाऊ दे. माझं काहून काढलं ते सांग."

बेबीनंदा शहाणी बाई होती. तिने यादीची एक प्रत वेगळ्या फ्लॉपीवर ठेवली होती. ती काढली, यादी पुन्हा मशीनमध्ये भरली, पुन्हा बटण. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा तेच. सहाशे एकाहत्तर माणसं त्यांच्या सगळ्या पदांसकट आत जात होती आणि कुणीही बाहेर येत नव्हतं. मागे उभ्या असलेल्यांनी कारणं शोधायला सुरुवात केली. कुणी म्हणालं लाईटचा दाब कमी आहे. कुणी म्हणालं उदबत्तीचा धूर गेला. सर्जेरावांचं ठाम मत पडलं, की कडूबाची समिती खोटी असल्याने ती मशीनच्या घशात अडकली. कडूबा म्हणाला, तसं असेल तर अकरा वर्षंही तपासून घ्या, कारण त्यातली सहा वर्षं आपण स्वतः विरोधात उभे होतो.

बेबीनंदा उठली आणि समोरच्या एसटीडी बूथवर गेली. ज्या सरांकडून औरंगाबादला मशीन घेतलं होतं त्यांना फोन लावला. सरांनी एकच विचारलं, यादी केवढी आहे. तिने कागदावर लिहून आणलेला आकडा वाचला: एकाहत्तर हजार सहाशे अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. सर हसले. मग त्यांनी समजावलं, की या जुन्या मशीनवर तो प्रोग्राम एका वेळी पासष्ट हजार अक्षरांचाच घास घेतो, वर पाचशे-छत्तीस. त्याहून मोठी यादी दिली की तो जुनी पुसतो आणि नवी ठेवायला त्याच्या हातात काही उरत नाही. तसं आधी सांगायचं सौजन्यही त्याच्याकडे नाही. नवं मशीन आलं की नवा प्रोग्राम येईल, दिवाळीपर्यंत बघू.

लग्न मे महिन्यात होतं.

ती परत आली आणि उभी राहून सगळ्यांना सांगितलं. मशीन बिघडलेलं नाही, यादी मोठी झाली आहे. सहा हजार अक्षरं जास्त आहेत. माणसं सहाशे एकाहत्तर. प्रत्येकाने आपल्या ओळीतली साधारण दहा अक्षरं कमी केली की काम होतं.

या माणसांनी शाळेला जागा दिली होती. रस्त्याला शेताची कड दिली होती. एकाने शेजाऱ्याला किडनी द्यायची तयारी दाखवली होती. पण दहा अक्षरं म्हटल्यावर एकेकाचा चेहरा असा झाला, जणू कुणी चारचौघांत धोतर मागितलं. सर्जेराव म्हणाले, बाकीच्यांपासून सुरुवात करा. कडूबा म्हणाला, समितीच्या नावातून 'देखरेख' काढली तर समितीने करायचं काय. दहाच्या दहा जणांनी आपापल्या ओळी पुन्हा वाचल्या आणि दोघांना तर उलट आणखी काही टाकायचं आठवलं.

बेबीनंदाने दुसरा उपाय सांगितला. यादीचे अक्षरांप्रमाणे तीन ढीग करते. प्रत्येक ढीग मशीन वेगळा लावील. मग तिन्ही एकाखाली एक जोडले की क्रम तोच येतो, एक नावही इकडचं तिकडे होत नाही. दाराबाहेर काढलेल्या चपला मालकांच्या नावांप्रमाणे लावून तिने हे करूनही दाखवलं. सगळ्यांना पटलं. चेहऱ्यावरून दिसत होतं, की पटलं.

"जोडणार कोण?" सर्जेरावांनी विचारलं.

"मी."

"मंग ते मशीननं न्हाई लावलं. तुझा हात लागला."

हे वाक्य सर्जेराव यादीबद्दल बोलले की आणखी कशाबद्दल, ते त्यांनाच ठाऊक. खोलीतल्या प्रत्येकाने ते ऐकलं आणि प्रत्येकजण मशीनकडे बघू लागला. बेबीनंदा त्यांच्याकडे बघत होती.

"काका," ती म्हणाली, "ही सहाशे एकाहत्तर नावं मीच टाइप केली. तुमच्या अकरा वर्षांच्या एकेका अक्षराला माझाच हात लागलेला हाय. तो चालला ना?"

सर्जेरावांनी घसा साफ केला. "ते येगळं," ते म्हणाले. काय वेगळं, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. ते चपला शोधायला लागले. चपला अक्षरवारी लावलेल्या असल्याने सापडायला वेळ लागला.

दुसरी कुणी असती तर वही रामरावांच्या अंगावर टाकून धावड्याची गाडी पकडली असती. बेबीनंदाने खुर्ची पुढे ओढली. यादी मशीनच लावणार असेल तर मशीनला झेपेल एवढी ती करून दाखवायची, असं तिने मनाशी धरलं. कुणाचं अक्षर कमी करायचं नाही ना, मग मोकळ्या जागा तर कुणाच्या बापाच्या नाहीत. तिने ओळी-ओळीतल्या जादा जागा काढायला सुरुवात केली. दोन शब्दांत दोन जागा असतील तिथे एक. ओळीच्या शेवटी उगाच सुटलेल्या जागा साफ. स्वल्पविरामापुढच्या जागा साफ. सकाळी नऊला ती बसायची आणि शेवटच्या एसटीला उठायची. लाईट गेली की वहीवर खुणा करायची, आली की मशीनवर उतरवायची. धर्मराज म्हणाला, "बेबीताई, राहू द्या, आपल्या हातात काय हाय." ती म्हणाली, जागा आहेत. एकाहत्तर हजारांचे एकोणसत्तर झाले, सदुसष्ट झाले. चौथ्या दिवशी दुपारी पासष्ट हजार नऊशे. आता चारशेच जास्त राहिली होती. रामराव तिच्याशेजारी स्टूल टाकून बसले होते आणि तिने एक जागा काढली की मान हलवत होते. पत्रिका आज छापायला गेली नाही तर गावोगावी पोचायला दिवस उरणार नव्हते.

तेवढ्यात कडूबा आला. जल्दी नव्हती, तो म्हणाला, पण सहा नावं राहिली. व्याह्याकडची. सगळे अध्यक्ष.

रामराव स्टुलावरून उठले. हा माणूस आयुष्यात कधी आवाज चढवून बोलला नव्हता, आणि आताही चढवला नाही. ते कडूबाकडे बघतही नव्हते. त्यांनी बेबीनंदाला विचारलं, "बाई, सगळ्यांसमोर मशीननं शेवटचं काय लावल्तं?"

"शून्य."

"कितीदा?"

"तीनदा."

"मंग तेच छाप."

धर्मराजला वाटलं, उन्हाचं झालं. तो म्हणाला, आबा, कोरं पान? छापखान्याची इज्जत जाईल. रामराव म्हणाले, "दादानं पाच माणसांत शब्द दिलाय, मशीन लावील ते मान्य. मशीननं त्याच्या डोळ्यांसमोर तीनदा लावलं अन् तीनदा बराबर तेच आलं. मी शब्द पाळून राह्यलो. छाप."

कडूबाने सहा नावांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

पत्रिका निघाली. वर गणपती, मग नवरा-नवरी, तारीख, वेळ बारा वाजून पस्तीस मिनिटं, ठिकाण. पान उलटलं की 'निमंत्रक', खाली मोकळं. 'आपले विनीत', खाली मोकळं. 'स्वागतोत्सुक', 'विशेष उपस्थिती', 'व्यवस्थापक', सगळी शीर्षकं नक्षीत बसवलेली आणि सगळ्यांखाली पांढरं. दोन दिवसांत त्या गावोगावी गेल्या. रामरावांच्या बायकोने, झुंबरबाईने, पत्रिका बघितली आणि डोक्याला हात लावला. शिवकन्येने विचारलं, मोठे बाबा येतील का. रामराव म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. सर्जेरावांच्या घरून होकार आला नाही, नकार आला नाही, शिवीसुद्धा आली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता पहिला ट्रॅक्टर आला तो सर्जेरावांचा.

ते उतरले, नव्या धोतरात, मिशीला तेल. रामरावांनी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून पत्रिका डोकावत होती. 'निमंत्रक' च्या खाली लाल शाईने, कुणाकडून तरी वळणदार अक्षरात लिहून घेतलं होतं: सर्जेराव. अकरा वर्षांसकट. एकटं आणि सगळ्यात वर. मागून कडूबा आला, त्याच्या पत्रिकेत अंगणवाडी वर होती. मग ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर, जीप, एसटीतून उतरलेली माणसं. कोरी जागा बघून कुणालाही राग आला नव्हता. प्रत्येकाला वाटलं होतं, की बाकीच्यांना वगळलं आणि जागा आपल्यासाठी सोडली. सहाशे एकाहत्तर घरांत सहाशे एकाहत्तर पत्रिका होत्या, आणि प्रत्येकीत पहिला नंबर वेगळा होता. मांडव असा भरला की पोरांना खांबांवर चढावं लागलं.

भोंग्यावर रामकिसन गुरुजी होते. अक्षता पडण्याआधी मानकऱ्यांचे सत्कार करायचे, नाव पुकारायचं, नारळ-टोपी-टॉवेल द्यायचा, ही आपली रीत. गुरुजींनी विचारलं, यादी कुठं आहे. अकरा जणांनी खिशात हात घातले आणि अकरा पत्रिका त्यांच्या नाकासमोर आल्या. गुरुजींनी पहिली वाचली, दुसरी वाचली, आणि माइक हाताने झाकला. पण उशीर झाला होता. सर्जेरावांनी कडूबाच्या हातातली पत्रिका पाहिली होती.

"हे कुणी लिव्हलं?" सर्जेराव म्हणाले.

"तुमचं कुणी लिव्हलं?" कडूबा म्हणाला.

सर्जेरावांनी टोपी सारखी केली. मांडवातल्या ज्यांना ज्यांना ती खूण माहीत होती त्यांनी ट्रॅक्टरकडे बघितलं. मागची भावकी अर्धी उठली. एका ट्रॅक्टरवाल्याने न सांगता गाडी चालू केली. आतल्या खोलीत शिवकन्येने डोक्यावरची बाशिंगाची दोरी सैल करायला हात वर नेला. रामराव मधोमध उभे राहून कधी भावाकडे, कधी नवरीच्या खोलीकडे बघत होते.

गुरुजी घाबरून बोलले, पण योग्य तेच बोलले. त्यांनी भोंग्यावरून जाहीर केलं, की शाईने लिहिलेलं काहीही वाचणार नाही, फक्त छापलेलं नाव वाचणार. त्यांनी कोरी पत्रिका घेतली, उलटी केली, सुलटी केली, चष्मा पुसला. पानाच्या अगदी तळाला, नक्षीच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती. धर्मराज आपल्या प्रत्येक कामाखाली ती टाकायचा. ती यादीत नव्हती म्हणून पुसली गेली नव्हती.

"संगणक जुळणी," गुरुजींनी वाचलं, "बेबीनंदा संपत हिवराळे."

मांडवात माना वळल्या. ही कोण, असा प्रश्न पुढून मागे गेला आणि मागून पुढे आला. कडूबा म्हणाला, छापखान्यातली बाई, तिचा कशाला मान. कुणीतरी विचारलं, कुठली.

तिसऱ्या रांगेत धर्मराजच्या बायकोशेजारी बसलेली बेबीनंदा उभी राहिली. "धावड्याची," ती म्हणाली. "बौद्धवाड्यातली."

सगळे सर्जेरावांकडे बघू लागले. आणि सर्जेराव हिशेब करत होते. त्यांचं मन मोठं झालं असं कुणी समजू नये. त्यांना एवढंच दिसलं, की ही बाई पुढे आली नाही तर कडूबा पुढे येतो. ते तरातरा व्यासपीठावर गेले आणि ताट उचललं.

"छापलेलं ते छापलेलं," ते म्हणाले. "शाईचं बाद. पहिला मान तिचा. या, बाई."

ताटात टोप्या आणि टॉवेल होते. बाईचा मान करावा लागेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सर्जेराव टोपी हातात धरून थांबले, ती परत ठेवली आणि दोन्ही हातांनी नारळ पुढे केला. त्यांचा हात आणि तिचा हात नारळावर एकाच वेळी होते. तिने तो सावकाश घेतला. तिला घाई नव्हती.

गुरुजी माइक धरून वाकले. "पदवी काय लावू, ताई?"

"काही लावू नका," बेबीनंदा म्हणाली. "नाव घ्या. बापाचं मातर सोडू नका."

भोंगा स्टँडपर्यंत ऐकू जात होता. गुरुजींनी नाव पूर्ण घेतलं.

मग त्यांनी विचारलं, दुसरा मान कुणाचा. कुणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पहिला गेला होता, आणि सहाशे एकाहत्तर माणसांत दुसरा व्हायला तयार असलेला एकही माणूस निघाला नाही. सगळे आपापल्या जागी घट्ट बसून राहिले, कारण जो उठेल तो दुसरा. ट्रॅक्टरवाल्याने गाडी बंद केली.

एवढ्या मोठ्या लग्नाचे सत्कार एका नारळात उरकले. बरोबर बारा वाजून पस्तीस मिनिटांनी अंतरपाट खाली आला. रामरावांनी अक्षता टाकताना भावाकडे पाहिलं. भाऊ नवरीच्या मागे उभा होता आणि सगळ्यांपेक्षा जोरात अक्षता फेकत होता.

भात मात्र कच्चा होता. लग्न वेळेवर लागेल, असं आचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.